जोवेटचें मौन

एखाद्या ग्रंथकाराची योग्यता ठरवितांना त्यानें काय लिहिलें हें पाहण्याची आपली नेहमींची रीत आहे. परंतु कांहीं माणसें अशीं असतात कीं, त्यांनीं काय लिहिण्याचें सोडून दिलें, व तें कां सोडलें, याचा विचार केल्यावांचून त्यांच्याविषयीं निवाडा देतां येत नाहीं. ऑक्सफर्ड येथील बेलियल कॉलेजचा प्रमुख, ग्रीक भाषेचा राजनियुक्त प्राध्यापक व प्लेटोचा इंग्रजी भाषांतरकार बेंजामिन जोवेट हा अशांपैकींच एक होय.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस जोवेट हें नांव प्लेटोच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावरून ठाऊक असेल. कॉलेजांत तत्त्वज्ञानाचा अभ्यास केलेल्या आपल्याकडील कित्येकांनीं सॉक्रेटिसाचें तुरुंगांतील अखेरचें संभाषण प्रथम वाचलें तें जोवेटच्या इंग्रजींत. आणि भाषांतर इतकें सहज कीं, मधें कोणी तिसरा मनुष्य उभा आहे याचा विसरच पडावा. ज्याचें नांव आज असें पडद्याआड उरलें आहे, तो मनुष्य वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीं इंग्लंडांतील धर्माधिकाऱ्यांच्या दृष्टीनें देशांतील अत्यंत घातक लेखकांपैकीं एक गणला जात होता. बायबल कसें वाचावें या विषयावरील एका निबंधानें त्यानें ही अपकीर्ति मिळविली. त्यानंतर तो तेहतीस वर्षें जगला, शेंकडों पानें दरवर्षीं लिहीत व तपाशीत राहिला. परंतु त्या विषयावर त्यानें पुन्हा एकहि स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला नाहीं. हें मौन भीतीचें, शहाणपणाचें, कीं आणखी कशाचें? ह्या प्रश्नाचा विचार आम्ही प्रस्तुत लेखांत करणार आहों.

जोवेटचा जन्म १५ एप्रिल १८१७ रोजीं लंडनच्या कॅम्बरवेल भागांत झाला. बाप केसाळ कातड्यांचा व्यापार करी. त्या व्यापारांत त्यास यश आलें नाहीं, आणि बायबलांतील स्तोत्रें इंग्रजी पद्यांत उतरविण्याच्या नादांत त्याचा पुष्कळ काळ गेला. घरची ही ओढाताण पाहत वाढलेला मुलगा सेंट पॉल्स शाळेंत शिकला, आणि ग्रीक व लॅटिन यांतील नैपुण्याच्या जोरावर १८३५ सालीं बेलियलची शिष्यवृत्ति मिळवून ऑक्सफर्डास गेला. १८३८ सालीं, अद्यापि पदवी हातीं आलेली नसतांनाच, तो त्या कॉलेजचा फेलो निवडला गेला. १८४२ सालीं तो ट्यूटर झाला. त्याच वर्षीं त्यानें धर्मोपदेशकाची पहिली दीक्षा घेतली, व १८४५ सालीं दुसरी. पुढील सारें आयुष्य त्यानें त्या एका कॉलेजांत काढलें. त्यानें लग्न केलें नाहीं. चरित्रकारानें रंगवून सांगावें असें बाह्यतः त्याच्या आयुष्यांत थोडेंच घडलें.

त्या काळचें ऑक्सफर्ड हें बऱ्याच अंशीं इंग्लंडच्या प्रस्थापित चर्चचेंच एक अंग होतें. विद्यार्थी म्हणून नांव दाखल करतांनाच चर्चच्या एकोणचाळीस कलमांवर सही करावी लागे, आणि फेलोच्या बहुतेक जागा दीक्षा घेणारांसाठींच असत. जोवेट तरुण होता तेव्हां न्यूमन व प्यूझी यांच्या चळवळीनें तें गांव ढवळून निघालें होतें. बेलियलचाच फेलो डब्ल्यू. जी. वॉर्ड हा जोवेटचा स्नेही व वादविवादांतला जोडीदार. त्यानें लिहिलेल्या एका धर्मविषयक ग्रंथापायीं १८४५ च्या फेब्रुवारींत युनिव्हर्सिटीच्या सभेनें त्याच्या पदव्या काढून घेतल्या, आणि त्याच वर्षीं न्यूमन रोमन चर्चमध्यें गेला. मतांसाठीं मनुष्यास दंड करतां येतो, व सभेंत मतें मोजून सत्याचा निकाल लावतां येतो, असें विद्वान् माणसांसहि वाटतें हें जोवेटनें अशा रीतीनें फार लवकर पाहिलें. ह्याच सुमारास, १८४४ व १८४५ च्या उन्हाळ्यांत, तो आपला मित्र आर्थर स्टॅन्ली याच्याबरोबर जर्मनीस जाऊन आला. हेगेलचें तत्त्वज्ञान व बायबलचें ऐतिहासिक परीक्षण ह्या दोन गोष्टी त्यानें तेथून बरोबर आणल्या. धर्मश्रद्धेला आधार कोठें शोधावा, ह्या त्या पिढीच्या प्रश्नास न्यूमननें रोमच्या परंपरेंत उत्तर शोधलें. जोवेटनें तें इतिहासांत शोधण्याचें ठरविलें.

१८५४ सालीं बेलियलच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली. शिक्षक म्हणून जोवेटची कीर्ति तेव्हांच मोठी होती; परंतु ती जागा ग्रीक कोशकार रॉबर्ट स्कॉट यास मिळाली. जोवेटच्या मनाला ही गोष्ट फार लागली. पुढल्याच वर्षीं पौलानें थेस्सलनीकाकर, गलतीकर व रोमकर यांस लिहिलेल्या पत्रांवरील त्याची टीका प्रसिद्ध झाली, व ग्रीकचा राजनियुक्त प्राध्यापक म्हणून त्याची नेमणूकहि झाली. निरपराध्यानें अपराध्यांची शिक्षा भोगून देवाचा क्रोध शांत केला, ही ख्रिस्ताच्या मरणाविषयींची रूढ उपपत्ति नीतीच्या दृष्टीनें टिकत नाहीं, असें त्यानें ह्या टीकेंत स्पष्ट लिहिलें होतें. लगेच त्याच्याविरुद्ध तक्रार झाली. आणि ज्या कलमांवर त्यानें पूर्वीं सही केली होती त्यांवरच व्हाइस-चॅन्सलरसमोर जाऊन पुन्हा सही करण्याची पाळी त्याच्यावर आली. त्यानें वाद न घालतां सही केली. प्राध्यापकपदाचें वेतन आठव्या हेन्रीच्या काळापासून सालीना अवघें ४० पौंड होतें. इतर प्राध्यापकांचीं वेतनें वाढलीं तरी जोवेटचें दहा वर्षें वाढूं दिलें गेलें नाहीं. ह्या दहा वर्षांत त्यानें ग्रीकचे वर्ग एक दिवस चुकारपणानें घेतले असें मात्र त्याच्या शत्रूंनींहि म्हटलें नाहीं.

आतां त्या निबंधाकडे वळूं. १८६० च्या मार्चमध्यें ‘एसेज अँड रिव्ह्यूज’ ह्या साध्या नांवाचें एक पुस्तक निघालें. लेखक सात; पैकीं सहा दीक्षित धर्मोपदेशक. त्यांत पुढें कँटरबरीचा आर्चबिशप झालेला फ्रेडरिक टेंपल होता, लिंकन कॉलेजचा मार्क पॅटिसन होता, आणि अखेरचा व सर्वांत लांब निबंध जोवेटचा, बायबलच्या अर्थनिर्णयावर, होता. डार्विनचा ग्रंथ निघून तेव्हां चारच महिने झाले होते. परंतु पुढील कांहीं वर्षें इंग्लंडांतील धर्मोपदेशकांची झोंप डार्विनपेक्षां ह्या सात जणांनींच अधिक उडविली असें म्हणण्यास हरकत नाहीं. बाहेरच्या शत्रूचा हल्ला समजूं शकतो; हे सातहि जण घरांतले होते.

जोवेटचें म्हणणें थोडक्यांत असें. बायबलचा अर्थ लावतांना इतर कोणत्याहि प्राचीन ग्रंथाचा अर्थ लावण्याची जी रीत, तीच वापरली पाहिजे. प्रत्येक वचनास एकच अर्थ असतो. तो म्हणजे, ज्या संदेष्ट्यानें किंवा शिष्यानें तें प्रथम उच्चारलें त्याच्या मनांतला, आणि ज्यांनीं तें प्रथम ऐकलें त्यांना कळलेला. चवथ्या शतकांतील धर्मसभांनीं ठरविलेले सिद्धांत पहिल्या शतकांतील कोळ्यांच्या तोंडीं घालणें हा अर्थनिर्णय होऊं शकत नाहीं. एकाच वाक्यांतून एका पंथानें एक व दुसऱ्यानें त्याच्या उलट मत काढावें, हें सोफोक्लीझच्या किंवा प्लेटोच्या बाबतींत आपण क्षणभरहि चालूं देणार नाहीं. मग जो ग्रंथ आपण अत्यंत पवित्र मानतों त्याच्याच बाबतींत इतका बेजबाबदारपणा कां चालूं द्यावा? येथपर्यंतचा भाग विद्वानाचा आहे. परंतु निबंधाचा प्राण याच्या पुढें आहे. असें वाचल्यानें बायबलचें महत्त्व कमी होईल ही भीति व्यर्थ आहे, असें जोवेट म्हणतो. इतर ग्रंथांप्रमाणें तो वाचला तरच तो इतर ग्रंथांसारखा नाहीं हें खरोखर कळून येईल. शिकलेल्या लोकांस ज्या गोष्टी ठाऊक आहेत त्या धर्मपीठावरून बोलतांना ठाऊक नाहींत असें दाखविणें, हाच धर्माला खरा धोका होय, असें त्याचें मत आहे.

हा निबंध आम्हीं अलीकडे पुन्हा वाचला. त्यांतील पांडित्य आतां जुनें झालें आहे. जर्मनीत व अन्यत्र तो विषय फार पुढें गेला. तथापि त्यांतील एक गुण जुना झालेला नाहीं. जोवेट कोठेंहि उपहास करीत नाहीं. ज्या भोळ्या वाचकाची समजूत आपण मोडीत आहों, त्याच्या मनाला लागेल ह्याची जाणीव त्याच्या प्रत्येक वाक्यांत आहे; आणि तरीहि तो वाक्य अर्धें सोडीत नाहीं. धर्मचिकित्सा करणारे बहुतेक लेखक एक तर कठोर होतात किंवा गुळमुळीत. ह्या दोन खड्ड्यांमधून सरळ चालत गेलेले निबंध कोणत्याहि भाषेंत थोडेच सांपडतात.

पुढें जें वादळ झालें तें थोडक्यांत सांगतों. बिशप सॅम्युअल विल्बरफोर्स यानें पुस्तकावर कडक टीका लिहिली; लेखकांस ख्रिस्ताचे सात वैरी म्हणण्यांत येऊं लागलें. सातांपैकीं रोलंड विल्यम्स व एच. बी. विल्सन या दोघांवर धर्मन्यायालयांत खटले होऊन १८६२ सालीं ते दोषी ठरले. १८६४ सालीं प्रिव्ही कौन्सिलानें तो निकाल फिरविला. त्यावर सुमारें ११,००० धर्मोपदेशकांनीं निषेधाच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या, आणि कँटरबरीच्या धर्मसभेनें पुस्तकाचा रीतसर धिक्कार केला. जोवेटवर १८६३ सालीं प्यूझी व आणखी दोन धर्मशास्त्राचे प्राध्यापक यांनीं व्हाइस-चॅन्सलरच्या न्यायालयांत फिर्याद आणली. ती पुढें सोडून देण्यांत आली. १८६४ सालीं त्याचें वेतन वाढविण्याचा ठराव युनिव्हर्सिटीच्या सभेनें फेटाळला. अखेर १८६५ सालीं क्राइस्ट चर्च कॉलेजनें आपल्या पदरचे पैसे घालून तें ५०० पौंड केलें. तेथें भांडण संपलें. आणि तेथेंच धर्मशास्त्रावर लिहिणारा जोवेटहि संपला.

ह्या मौनाबद्दल त्याच्यावर दोन बाजूंनीं दोन आरोप आले. सनातनी म्हणत, ह्याला चर्चच्या सिद्धांतांवर श्रद्धा नाहीं, तर ह्यानें चर्चचा झगा उतरवून ठेवावा. बुद्धिवादी म्हणत, ह्याला सर्व कळतें, तर ह्यानें शेवटपर्यंत बोलावें. दुसऱ्या आरोपाला वजन देणारा मनुष्य लेस्ली स्टीफन होता. त्यानें श्रद्धा उडतांच केंब्रिजमधील आपलें ट्यूटरपद सोडलें होतें व पुढें दीक्षाहि सोडली. जोवेटच्या मृत्यूनंतर एव्हलिन ॲबट व लुई कॅम्बेल ह्या शिष्यांनीं लिहिलेलें चरित्र १८९७ सालीं निघालें. त्यावर लिहितांना स्टीफननें, हा मनुष्य अडचणीच्या प्रश्नाजवळ आला कीं धूसर होतो, अशा अर्थाची तक्रार केली. ज्यानें स्वतः किंमत दिली आहे त्याची ही तक्रार हलकी मानतां येत नाहीं. जुन्या घरांत राहून तें सुधारावें, कीं घर सोडून बाहेर पडावें, हा प्रश्न आपल्याकडील वाचकांसहि नवा नाहीं. म्हणूनच जोवेटचें उदाहरण बारकाईनें पाहण्यासारखें आहे.

केवळ भीतीनें तो गप्प बसला असें आम्हांस वाटत नाहीं. भित्रा मनुष्य १८५५ च्या अनुभवानंतर १८६० चा निबंध लिहीत नाहीं. शिवाय तो धर्मोपदेश करीत राहिला. डीन झालेल्या स्टॅन्लीच्या आमंत्रणावरून वेस्टमिन्स्टर ॲबेमध्येंहि त्यानें व्याख्यानें दिलीं. ख्रिस्ताचें चरित्र लिहावें असेंहि त्याच्या मनांत होतें; तें लिहून झालें नाहीं. आमच्या मतें खरें कारण निराळें आहे. मनुष्याचीं धर्ममतें वादानें बदलत नाहींत, तीं तारुण्यांत घडलेल्या मनोवृत्तीनें बदलतात, असा त्याचा निश्चय होत गेला. मग ज्या प्रश्नांबद्दल चर्च त्यास बोलूं देत नव्हतें, ते प्रश्न त्यानें दोन ठिकाणीं नेऊन ठेविले: एक प्लेटोच्या ग्रंथांत, व दुसरें बेलियलच्या विद्यार्थ्यांत.

प्लेटोचें भाषांतर १८७१ सालीं चार खंडांत निघालें, आणि तें त्यानें आपल्या जुन्या शिष्यांस अर्पण केलें. दुसरी आवृत्ति १८७५ सालीं व तिसरी १८९२ सालीं निघाली. प्रत्येक वेळीं त्यानें भाषा पुन्हा घासून घेतली. ह्या कामांत त्यास एक असामान्य टीकाकार लाभला होता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा त्याच्याशीं १८६० च्या सुमारास पत्रव्यवहार सुरू झाला, व तो त्याच्या मरणापर्यंत चालला. प्लेटोच्या प्रस्तावना वाचून त्या सूचना करीत, व त्यांतील कित्येक तो मान्य करी. नाइटिंगेलबाईंस लिहिलेलीं त्याचीं पत्रें १९८७ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. चारचौघांत एकएका शब्दासाठीं अडणारा, विद्यार्थ्यास फिरावयास नेऊन मैलभर अवाक्षर न काढणारा हा मनुष्य त्या पत्रांत मोकळेपणानें बोलतो.

भाषांतर म्हणून ह्या ग्रंथाचे दोष सांगणें अवघड नाहीं. ग्रीकच्या बारकाव्यांत जोवेट निष्काळजी आहे. ए. ई. हाउसमनसारख्या कडक शब्दपंडितास त्याच्या विद्वत्तेविषयीं आदर नव्हता, व तो अगदींच निराधार होता असें नाहीं. जेथें मुळांत युक्तिवादाची गांठ आहे तेथें जोवेट ती सोडविण्याऐवजीं कित्येकदां तिच्यावरून हात फिरवितो. सिंपोझियममधील पुरुषांच्या परस्पर प्रेमाचा विषय आला कीं त्याच्या काळचा सभ्यपणा आडवा येतो, आणि ग्रीक मनुष्य व्हिक्टोरिया राणीच्या राज्यांतील गृहस्थासारखा बोलूं लागतो. येथें एक चमत्कारिक विसंगति दिसते. प्राचीन ग्रंथाचा अर्थ त्याच्या पहिल्या श्रोत्याच्या कानानें ऐकावा, असें ज्यानें बायबलविषयीं सांगितलें, त्यानेंच प्लेटोला मात्र पुष्कळ ठिकाणीं आपल्या काळाच्या श्रोत्यापुढें बसविलें.

परंतु त्या विसंगतींतच ह्या ग्रंथाचें रहस्य आहे. जोवेटच्या प्रस्तावना काळजीपूर्वक वाचाव्या. फीडोच्या प्रस्तावनेंत तो आत्म्याच्या अमरत्वाविषयीं बोलतो, रिपब्लिकच्या प्रस्तावनेंत आदर्श राज्याविषयीं. आणि तसें बोलतांना प्लेटोपासून दूर जाऊन आजच्या मनुष्यानें काय मानावें, किती मानावें, व जें निश्चित नाहीं त्याच्याशीं कसें वागावें, हें सांगूं लागतो. बायबलवर बोलतांना ज्या गोष्टीबद्दल फिर्याद झाली असती, ती प्लेटोवर बोलतांना परीक्षेच्या अभ्यासक्रमांत आली. इंग्लंडांतील पुढल्या दोन पिढ्यांतील कित्येक तरुणांनीं श्रद्धा व शंका यांचा पहिला विचार ह्या पानांतून केला. पुढें थुसिडिडीझचें भाषांतर १८८१ सालीं व ॲरिस्टॉटलच्या राजनीतीचें १८८५ सालीं निघालें. तीं उपयुक्त आहेत, पण त्यांत हा प्राण नाहीं.

दुसरें ठिकाण कॉलेज. १८७० सालीं स्कॉट रॉचेस्टरचा डीन झाला, आणि सोळा वर्षांपूर्वीं हुकलेली जागा जोवेटला मिळाली. १८८२ पासून १८८६ पर्यंत तो व्हाइस-चॅन्सलरहि होता. ज्या अधिकाऱ्यासमोर त्यास सहीसाठीं उभें राहावें लागलें होतें, त्याच्याच खुर्चींत तो बसला. त्याच्या हाताखालून गेलेल्यांत तत्त्ववेत्ता टी. एच. ग्रीन, मुख्य प्रधान अस्क्विथ, कामगारांच्या वस्तींत जाऊन काम करणारा अर्नल्ड टॉइनबी, आणि पदवी न घेतांच कॉलेज सोडून गेलेला तरी अखेरपर्यंत स्नेह राखलेला कवि स्विनबर्न, अशीं परस्परांहून अगदीं भिन्न माणसें होतीं.

ह्या कॉलेजचा आपल्या देशाशीं आलेला संबंध येथें सांगणें अवश्य आहे. हिंदुस्थानच्या सिव्हिल सर्व्हिससाठीं खुली स्पर्धा-परीक्षा कशी घ्यावी हें ठरविण्यास १८५४ सालीं मेकॉलेच्या अध्यक्षतेखालीं जी कमिटी बसली, तिचा जोवेट हा सभासद होता. तिनें सुचविलेल्या गुणांत ग्रीकला ७५० व लॅटिनला ७५०, तर संस्कृतला ३७५ व अरबीला ३७५ होते. ज्यांनीं हिंदुस्थानावर राज्य करावयाचें त्यांस हिंदुस्थानापेक्षां अथेन्स दुप्पट ठाऊक असावें, असा त्याचा अर्थ झाला. १८६९ सालच्या परीक्षेंत उत्तीर्ण झालेल्या चार हिंदी तरुणांत मुंबई इलाख्यांतील श्रीपाद बाबाजी ठाकूर हे होते. त्यांस हा डोंगर किती उंच लागला असेल याची कल्पना ह्या आंकड्यांवरून येते. लॅन्सडाउन, एल्जिन व कर्झन हे १८८८ पासून १९०५ पर्यंत एकामागून एक आलेले तीन व्हाइसरॉय बेलियलचेच. जोवेट स्वतः हिंदुस्थानांत कधीं आला नाहीं.

पण ह्याच मनुष्याची दुसरी बाजूहि आपल्याच प्रांतांतील एका उदाहरणावरून दिसते. नाशिकास जन्मलेल्या व पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांस, केवळ त्या स्त्री म्हणून, विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ति नाकारण्यांत आली. इंग्लंडांतील कांहीं हितचिंतकांनीं, व त्यांत नाइटिंगेलबाई होत्या, वर्गणी करून त्यांस पाठविलें, आणि १८८९ सालीं त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्यें दाखल झाल्या. सत्तरी ओलांडलेल्या जोवेटनें त्यांस आपल्या घरीं आपुलकीनें वागविलें, थोरामोठ्यांशीं त्यांची ओळख करून दिली. कायद्याच्या बी. सी. एल. परीक्षेस स्त्रीनें बसण्यास नियम आड येत होता. १८९२ सालीं युनिव्हर्सिटीनें खास ठराव करून सोराबजींस परवानगी दिली, व ती परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. स्त्रियांस पदव्या देण्यास ऑक्सफर्ड तयार झालें तें १९२० सालीं. जोवेटनें स्त्रीशिक्षणावर ग्रंथ लिहिला नाहीं. समोर आलेल्या एका विद्यार्थिनीसाठीं दार उघडलें जावें म्हणून आपलें वजन खर्चिलें. मौन धरल्यानंतरची त्याची कार्यपद्धति हीच होती.

ह्या पद्धतीचे लाभ खरे आहेत, परंतु तिची किंमतहि पाहिली पाहिजे. पूर्वीं त्याच्याबरोबर त्याच पुस्तकांत लिहिणारा मार्क पॅटिसन पुढें त्याचा विरोधक झाला. युनिव्हर्सिटीनें ज्ञानाची भर घालावी असें पॅटिसनचें म्हणणें, तर तिनें कर्ती माणसें घडवावीं असें जोवेटचें. जोवेटला संशोधनाविषयीं विश्वास नव्हता. विद्यार्थी परीक्षेंत, पार्लमेंटांत, कारभारांत पुढें येतो कीं नाहीं इकडे त्याचा डोळा असे. शंका असली तर ती मनांत ठेवा आणि कामाला लागा, अशी शिकवण त्याच्या वागण्यांतून शिष्यांनीं उचलली. चांगला अंमलदार तयार करण्यास ही शिकवण उत्तम. पण १८६० च्या निबंधांतील शिकवण हिच्या नेमकी उलट होती. जें ठाऊक आहे तें ठाऊक नाहीं असें दाखवूं नका, असें त्या निबंधानें सांगितलें होतें. येथें जोवेट आपल्याच उत्तम शब्दापासून ढळला असें आम्हांस म्हणावें लागतें.

तरी इतिहासानें त्याच्यावर अखेर कृपाच केली. त्याला प्रमुखपद मिळाल्याच्या दुसऱ्याच वर्षीं, १८७१ सालीं, पार्लमेंटनें कायदा करून युनिव्हर्सिटींतील बहुतेक पदव्या व जागा यांसाठीं असलेली कलमांवरील सहीची अट काढून टाकली. आणि १८८९ सालीं ‘लक्स मुंडी’ नांवाचा निबंधसंग्रह निघाला. त्याचा संपादक चार्ल्स गोर हा जोवेटच्या बेलियलमध्यें शिकलेला, परंतु पंथानें प्यूझीचा अनुयायी, आणि प्यूझीच्या स्मारकार्थ उभारलेल्या संस्थेचा प्रमुख होता. त्या संग्रहांतील स्वतःच्या निबंधांत त्यानें जुन्या कराराचें ऐतिहासिक परीक्षण मान्य केलें. ज्या मतासाठीं प्यूझीनें जोवेटला न्यायालयांत खेंचलें, त्यांतील बराच भाग छब्बीस वर्षांनीं प्यूझीच्याच नांवाच्या घरांतून, जोवेटच्याच कॉलेजांत शिकलेल्या मनुष्याच्या लेखणींतून बाहेर पडला.

१८९१ सालच्या मोठ्या दुखण्यांतून उठून जोवेटनें प्लेटोची तिसरी आवृत्ति पुरी केली, आणि १ ऑक्टोबर १८९३ रोजीं तो हँपशायरमधील हेडली पार्क येथें, मित्राच्या घरीं वारला. ऑक्सफर्डच्या सेंट सेपल्कर स्मशानभूमींत त्यास पुरलें.

आमचा निवाडा असा आहे. जोवेटच्या मौनाला फळ आलें हें खरें; पण तें मौन १८६० पूर्वींचें असतें तर त्याला कांहींच फळ आलें नसतें. एकदां स्पष्ट बोलून व त्याचें प्रायश्चित्त भोगून झालेला मनुष्य जेव्हां गप्प बसतो, तेव्हां त्याचें गप्प बसणेंहि शिष्यांस ऐकूं येतें. जे आधीं कांहींच बोलले नाहींत त्यांनीं आपल्या स्वस्थतेच्या समर्थनार्थ त्याचें नांव घेऊं नये. प्लेटोच्या जोवेटकृत प्रस्तावना आपले वाचक वाचतातच. त्यांच्याआधीं त्यानें बायबलच्या अर्थनिर्णयावर लिहिलेला तो जुना निबंध वाचावा, अशी आमची त्यांस सूचना आहे. म्हणजे त्या सौम्य, नितळ इंग्रजीच्या मागें कोण उभें आहे, व तो काय बोलावयाचें टाळीत आहे, हें त्यांस पानोपानीं कळून येईल.